जुन्या सोडा-कोल्ड्रिंकच्या पाट्या जमवताय? बेळगाव, निपाणी, खानापूर भागात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाट्या जमवायला लागून बरीच वर्षं झाली आणि घरी आलेला प्रत्येक माणूस भिंतीकडं बघून तेच तेच विचारतोय, फोनवरपण तेच, म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय. खाली "पाटी" म्हटलं की सोडा, लेमन, ऑरेंज, कोला असल्या बाटलीतल्या थंड्याची जाहिरात असलेली पत्र्याची पाटी समजा. आमच्याकडं सगळे बोर्डच म्हणतात, दोन्ही एकच.

कुठल्या कुठल्या प्रकारच्या पाट्या असतात?

ढोबळमानानं तीन. पहिली एनॅमलची, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेचा थर भाजून बसवलेली, जड आणि चकचकीत. दुसरी छापील पत्र्याची, हलकी, बिस्किटाच्या डब्यासारखी छपाई असलेली. तिसरी पेंटरनं हातानं रंगवलेली, ती बहुतेक वेळा लोकल सोडा फॅक्टरीची नाहीतर कोल्ड्रिंक हाऊसची असते आणि माझा सगळ्यात जास्त जीव हिच्यावरच आहे, कारण कंपनीची पाटी हजारात छापली जायची, पेंटरची एकच असते. नंतर ग्लो साइन, म्हणजे आतून दिवा पेटणारे बोर्ड आले, मग फ्लेक्स आलं आणि पत्र्याचा विषय संपला. काही जण ग्लो साइनपण जमवतात, मी नाही जमवत, जागा लई लागते.

एनॅमलची पाटी कशी ओळखायची?

आधी ती कशी बनते ते समजून घ्या, मग ओळखायला सोपं जातंय. लोखंडी पत्रा ॲसिडनं साफ करायचा, त्याच्यावर काचेच्या भुकटीचा पहिला थर द्यायचा, तो गडद असतो, काळा-निळा, आणि त्याचं काम फक्त लोखंडाला धरून ठेवणं. मग भट्टीत साधारण ८०० अंशाला भाजायचं. मग पांढरा नाहीतर पिवळा थर, परत भट्टी. मग अक्षरांचा स्टेन्सिल ठेवून लाल थर, परत भट्टी. जितके रंग तितक्या भट्ट्या. म्हणून अक्षराच्या कडेवरून नख फिरवलं की बारीक पायरी लागते, एक रंग दुसऱ्याच्या वर बसलाय हे बोटाला कळतं.

दुसरी खूण टवके. एनॅमल म्हणजे काच, त्यामुळं मार लागला की गोल टवका उडतो, मध्ये काळं गंजलेलं लोखंड आणि भोवती गडद थराची किनार दिसते, शंखासारखी. छापील पत्र्याला असा टवका कधीच पडत नाही, त्याच्यावर ओरखडा उठतो नाहीतर रंगाची साल निघते. तिसरी खूण पाठीमागची बाजू, एनॅमलमध्ये पाठीलापण एक थर असतो, बहुतेक काळा, राखाडी नाहीतर ठिपक्याठिपक्यांचा. आणि लोहचुंबक लावून बघा, चिकटला पाहिजे. चिकटला म्हणजे लगेच खरी असं नाही, नवा पत्रापण चिकटतोच, पण नाही चिकटला तर ॲल्युमिनियम आहे आणि तिथंच विषय सोडायचा.

ऊन लागून खऱ्या एनॅमलचा रंग उडत नाही. सत्तर वर्षं पश्चिमेच्या भिंतीवर असलेला लाल अजून लालच असतोय.

पाटी किती जुनी आहे हे कसं कळणार? वर तर साल लिहिलेलं नसतं.

लिहिलेलं असतंय, फक्त सालाच्या रूपात नसतंय. मला या छंदातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच, म्हणून जरा लांबण लावतो.

किंमत बघा आधी. आणे लिहिले असतील तर पाटी १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. "नये पैसे" किंवा "न. पै." असेल तर १९५७ ते १९६४ मधली, १९६४ मध्ये "नया" शब्द काढून नुसता पैसा केला. फक्त "पैसे" असेल तर त्यानंतरची. आता दुकानदार काही १ एप्रिलला सकाळी उठून पाटी बदलत नव्हता, आण्यांची पाटी पुढं कितीतरी वर्षं टांगलेली असायची, पण बनली कधी ते कळालं.

मग माप. औंस असेल तर जुनी, मिलीलिटर असेल तर साधारण १९६० च्या नंतरची, त्याच सुमाराला मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं आली.

मग पत्ता, आणि इथं आपल्या भागाची मजा आहे जी पुण्या-मुंबईच्या पाट्यांत नाही. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्या दिवशी म्हैसूर राज्यात गेलं. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. म्हणजे एकाच गल्लीतल्या, एकाच दुकानाच्या पत्त्यात तीन राज्यांची नावं सापडू शकतात आणि दुकान एक फूटसुद्धा हललेलं नसतं. माझ्याकडं एक रंगवलेली पाटी आहे, तिच्यावर खालच्या ओळीत "म्हैसूर स्टेट" आहे आणि उन्हात तिरकी धरली की त्याच्या खालून "मुंबई" चा "मुं" वर आलेला दिसतो, पेंटरनं तेवढाच तुकडा पुसून वर नवीन लिहिलंय. ती पाटी मी कितीतरी लोकांना खिडकीपाशी नेऊन दाखवलीय.

पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. बेळगाव शहराचा ५९० नं सुरू होतो, निपाणी-चिकोडीकडचा ५९१ नं. फोन नंबर दोन-तीन आकडी असेल तर तो एक्स्चेंज अगदी लहान असतानाचा.

आणि शेवटी शुद्धलेखन. हे मराठी पाटीलाच चालतंय. "येथें थंड पेयें मिळतील", "उधार मिळणार नाहीं" असे डोक्यावर टिंब असलेले शब्द दिसले की ती जुन्या वळणाची पाटी, कारण १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. पेंटर लोक पुढं काही वर्षं जुनंच लिहीत राहिले, त्यामुळं ही खूण एकटीवर भरवसा टाकायची नाही, पण किंमत आणि पत्त्याबरोबर जुळली तर पक्की. तसंच "अि", "अु" असं अ ला वेलांटी-उकार दिलेलं दिसलं तर ती सावरकरांच्या लिपीसुधारणेची छाप, ती कुठली अलीकडची गोष्ट नाही.

अक्षरांचं वळणपण बघा. आपला "ल" आणि "श" वेगळा, हिंदीवाल्यांचा वेगळा. "थंडगार" च्या जागी "ठंडा" असेल आणि ल उत्तरेच्या वळणाचा असेल तर ती पाटी उत्तरेकडनं आलीय, कुणीतरी दिल्ली-आग्र्याच्या बाजूनं आणून इथं विकालंय. वाईट नाही, पण "ही आमच्या खडे बाजारातली" असं कोण म्हणत असेल तर ऐकायचं नाही.

माझ्याकडं कोका-कोलाची पाटी आहे, शंभर वर्षं जुनी आहे म्हणतात. खरं असेल का?

भारतातली असेल तर नाही. कोका-कोला आपल्याकडं १९५० मध्ये आलं. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानं परदेशी कंपनीला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितला, जनता सरकारच्या काळात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना ते प्रकरण तापलं आणि १९७७ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. परत आली १९९३ मध्ये. त्यामुळं भारतीय कोका-कोलाची पाटी एकतर १९५० ते ७७ मधली नाहीतर १९९३ नंतरची, मधली सोळा वर्षं रिकामी.

त्या रिकाम्या जागेतच आपल्या सगळ्यांच्या लहानपणाच्या पाट्या आहेत. थम्सअप १९७७ मध्ये पार्लेनं काढलं, कॅम्पा कोला त्याच काळातलं, आणि सरकारनं स्वतः "डबल सेव्हन" काढलं, नाव त्या ७७ सालावरूनच, मॉडर्न बेकरीजकडून. डबल सेव्हन चाललं नाही, त्यामुळं त्याची पाटी मिळाली तर सोडू नका, मी अजून शोधतोय. म्हणजे कोण तुम्हाला "१९६० सालची थम्सअपची एनॅमल पाटी" म्हणून दाखवत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

लहर पेप्सी १९९० चं, तेव्हा परदेशी नाव नुसतं वापरता येत नव्हतं म्हणून पुढं "लहर". १९९३ मध्ये पार्लेनं थम्सअप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा हे सगळे ब्रँड कोका-कोलाला विकले. गोल्ड स्पॉट आणि सिट्रा नंतर बंद झाले, म्हणून त्यांच्या पाट्यांना मागणी जास्त. कॅम्पा मात्र सावधपणे घ्या, २०२२ मध्ये तो ब्रँड रिलायन्सनं घेतला आणि २०२३ मध्ये परत बाजारात आणला, त्यामुळं नवीन कॅम्पाचे बोर्ड जुने म्हणून खपवले जाऊ शकतात.

आपल्या बाजूला मुंबई-पुण्याचापण माल असतोच. मुंबईचं ड्यूक्स १८८९ चं, पुण्याच्या कॅम्पातलं अर्देशीर १८८४ चं. ड्यूक्सची मँगोलाची पाटी बघितली की माझ्या वयाच्या माणसाच्या तोंडाला अजून पाणी सुटतं.

अमेरिकेतल्या पाट्या जमवाव्यात का?

पैसे असतील तर जमवा. कोका-कोला १८८६ मध्ये अटलांटात तयार झालं, जॉर्जिया राज्यात कार्टर्सव्हिल म्हणून गाव आहे तिथं १८९४ मध्ये त्यांची भिंतीवरची पहिली रंगवलेली जाहिरात झाली, म्हणजे तिकडचा इतिहास लांबलचक आहे आणि जमवणारेपण भरपूर. दुसऱ्या महायुद्धात तिकडं लोखंड गोळा करताना कितीतरी पाट्या वितळवल्या, म्हणून आधीच्या महाग. पण तिकडच्या पाट्यांच्या नकला सगळ्यात जास्त निघतात, आणि मला विचाराल तर अटलांटाची पाटी जपायला तिकडं लोक आहेत, आपल्या बेळगावातल्या शहापूरची जपायला आपणच.

नकली पाटी कशी पकडायची?

वर सांगितलेल्या खुणा उलट लावा. पत्रा पातळ, पाठ कोरी नाहीतर नुसता काळा स्प्रे, नख फिरवलं तर सगळं सपाट. भिंग लावून छपाई बघा, आताच्या डिजिटल प्रिंटचे ठिपके वेगळे दिसतात, जुन्या पाटीत एका रंगाचा भाग सलग भरलेला असतो. मुद्दाम केलेला गंज सगळीकडं सारखा असतो. खरा गंज जिथं पाणी थांबतं तिथं येतो, म्हणजे खालची कड, खिळ्याच्या भोकाभोवती आणि तिथनं खाली उतरलेला ओघळ. ओघळ वरच्या दिशेनं गेलेला असेल तर काय समजायचं ते समजा.

भोकं बघायला विसरू नका. पन्नास वर्षं वाऱ्यात हललेल्या पाटीची भोकं खिळ्यानं घासून लांबट झालेली असतात, खिळ्याच्या डोक्याची गोल खूण उमटलेली असते. नकलीची भोकं ड्रिलनं पाडलेली, एकदम गोल.

मी स्वतः एकदा फोटो बघून पैसे पाठवून बसलो. फोटोत सगळं बरोबर होतं, गंज, टवके, रंग. पार्सल उचललं तेव्हाच हातात वजन आलं नाही आणि पोटात गोळा आला. टवकेसुद्धा छापलेले होते, टवक्याचा फोटो काढून छापलेला. तेव्हापासून पाटी हातात घेतल्याशिवाय व्यवहार करत नाही, लांबची असेल तर पाठीचा आणि भोकांचा फोटो आधी मागतो, आणि जो पाठीचा फोटो द्यायला कुरकुर करतो त्याला सोडतो.

आपल्या भागात कुठं मिळतात?

भंगार अड्डा हे पहिलं उत्तर सगळे देतात आणि ते चुकीचं नाही, पण अड्ड्यावर आली म्हणजे पाटी बऱ्याचदा दुमडलेली असते, आणि एनॅमल एकदा दुमडलं की परत सरळ केलं तरी काच उडून गेलेली असते. त्याच्या आधी गाठायला पाहिजे.

बंद पडलेल्या टॉकीजची कँटीन, जुनी कोल्ड्रिंक हाऊस, खडे बाजार, शहापूर आणि कॅम्पातली जुनी दुकानं, हायवेवर निपाणी-संकेश्वरच्या बाजूची जुनी हॉटेलं, यात्रेत दुकान लावणाऱ्यांची घरं. चिंचलीच्या मायाक्काची, सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा करणारे सोडावाले पाटी बरोबर न्यायचे आणि आणून माळ्यावर टाकायचे. माळा हा शब्द लक्षात ठेवा, "माळ्यावर काय पत्रे-बित्रे पडलेत काय हो काका" एवढंच विचारायचं.

आणि दुकानाच्या बाहेर बघण्यापेक्षा घराच्या मागं बघा. आपल्या लोकांनी चांगला पत्रा कधी टाकला नाही. हौदाचं झाकण, शेळ्यांच्या गोठ्याची भिंत, कोंबड्यांचा खुराडा, बंबाचा आडोसा, नळाच्या मीटरचं छप्पर, मला सगळीकडं पाट्या सापडल्यात. अक्षरं बहुतेक आतल्या बाजूला असतात, म्हणून वाकून बघायला लागतंय.

सध्या अजून एक कारण आहे. २०२४ च्या कायद्यानं कर्नाटकात दुकानाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे झालं, आणि नवीन बोर्ड बसवताना जुना काढला की त्याच्या मागं अजून जुना पत्रा निघतो. ओळखीच्या बोर्डवाल्याला सांगून ठेवा, काढलेलं भंगारात टाकू नको, मला फोन कर म्हणून.

मालक देत नाही म्हणतात. काय करायचं?

चहा प्यायचा आणि घरी यायचं. परत दोन महिन्यांनी जायचं, पाटीचा विषय न काढता. सावकारकीच्या थाटात खिशातनं नोटा काढून दाखवणारे लोक मी बघितलेत, पाटी त्यांना मिळत नाही आणि आमच्यासारख्यांचं दार बंद होतंय.

कन्नड बोलणारा मालक असेल तर दोन वाक्यं कन्नडमध्ये बोलाच, "कोडतीरेन्री" एवढं विचारलं तरी चेहरा बदलतो. नावापुढं "अण्णा", बोलण्यात "री", आणि आवाज खाली. मराठी दुकानात काका, मामा, आजी. बेळगावात एवढं तर आपल्याला जन्मापासून येतंय.

आणि एक सांगतो, पाटीची किंमत तुम्हाला माहिती आहे आणि समोरच्या म्हाताऱ्याला नाही, अशा वेळी भंगाराच्या भावात उचलून आणू नका. मोडीत किलोवर जे मिळेल त्याच्या कितीतरी पट द्यायला काय जात नाही. मी सरळ सांगतो, "मामा, ही विकली तर एवढ्याला जाईल, मी विकणार नाही, मी एवढे देऊ शकतो." निम्मे लोक मग पैसेच घेत नाहीत, तरी देऊन यायचं.

पत्रा उपयोगात असेल तर बदली पत्रा घेऊन जा. हौद उघडा ठेवून पाटी आणायची नाही.

पाटीवर कन्नड असेल तर मराठी माणसानं घ्यावी का?

हा प्रश्न मला खरंच विचारला जातो. घ्या. एकाच पाटीवर वर इंग्रजी, मध्ये कन्नड, खाली मराठी असं असेल तर ती आपल्याच भागाची, दुसरीकडं कुठं ती बनलीच नसती. सीमेचं दुखणं मला ठाऊक आहे, माझ्या घरातल्यांनी ते सोसलंय, पण सोडा विकणाऱ्यानं ज्या गिऱ्हाईकासाठी ज्या भाषेत लिहिलं ते तसंच्या तसं राहायला पाहिजे. एका भाषेवर रंग मारलेली पाटीपण मी तशीच ठेवतो, वरचा रंग खरवडत नाही. तो रंगसुद्धा त्या पाटीवर घडलेली गोष्टच आहे.

धुवायची कशी?

एनॅमल असेल तर कोमट पाणी, अगदी थोडा साधा साबण, मऊ सुती कापड. जुनं धोतर सगळ्यात भारी. टवक्यांच्या जागी पाणी थांबू द्यायचं नाही, लगेच पुसायचं आणि उन्हात अर्धा तास ठेवायचं. चिंच-मीठ नको, पितळ घासायची पावडर नको, तारेची घासणी नको, संडास धुवायचं ॲसिड तर अजिबात नको, ॲसिडनं काचेची चमक जाते आणि ती परत येत नाही. वाळल्यावर टवक्यांवर पातळ मेण चोळा, फर्निचरला लावतात तसलं चालतंय, त्यानं हवा लागत नाही आणि गंज थांबतो.

छापील पत्रा वेगळा. त्याला पाणीसुद्धा जपून. माझ्याकडं गोल्ड स्पॉटची छापील पाटी होती, कोपऱ्यात कुणीतरी ऑइल पेंटचा पांढरा शिंतोडा उडवलेला, मी कापसाला थिनर लावून तेवढाच पुसायला गेलो. शिंतोडा निघाला, त्याच्याबरोबर खालचा केशरी निघाला, आणि कापूस मागं घेताना तो केशरी फराटा पांढऱ्या बाटलीच्या चित्रावरून ओढला गेला. सगळं दोन सेकंदात. तो कापूस हातात धरून मी किती वेळ बसलो होतो सांगता येत नाही. पाटी अजून आहे, तो फराटापण आहे. छापील पाटीवर कुठलंही केमिकल लावू नका, शिंतोडा राहू दे.

पेंटरकडून परत रंगवून नवी केली तर?

नको.

टांगायची कशी? पावसाळ्यात काय?

खानापूर-जांबोटीकडचा पाऊस माहिती आहे, बेळगावातपण भिंती श्रावणापर्यंत ओल्या असतात. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला पाटी लावायची नाही, आतल्या भिंतीवर लावायची. मागं लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकून पाटी भिंतीपासून बोटभर लांब ठेवा, मागनं हवा खेळली पाहिजे. स्क्रू जुन्याच भोकातनं, नवीन भोक पाडायचं नाही, आणि स्क्रूखाली रबराचा वायसर टाका. एनॅमलवर स्क्रू आवळत गेलं की "टक्" आवाज येतो आणि भोकाभोवतीची काच उडते, म्हणून हातानं फिरेल एवढाच आवळा. छापील पाटी उन्हापासून लांब, तिची शाई उडते.

गाडीवरनं आणताना वाकळेत गुंडाळा, दोन पाट्या असतील तर तोंडाला तोंड लावू नका, मध्ये पुठ्ठा. एसटीत टपावर कधीच नाही.

गोटी सोड्याच्या बाटल्या, क्रेट, ओपनर, बिल्ले हे पण जमवता का?

पाटीबरोबर आलं तर ठेवतो. गोटीच्या बाटलीचं डोकं मात्र दाद देण्यासारखं आहे, हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७० च्या दशकात पेटंट घेतलेली, आतल्या गॅसचा दाबच गोटीला वर रबराच्या रिंगेवर दाबून धरतो, बूच लागतच नाही. काचेवर फॅक्टरीचं नाव उठावात असेल तर त्याच नावाची पाटी शोधायला सुरुवात करा, बाटलीवरून पाटी सापडते. लाकडी क्रेटला वाळवी लागलेली नाही ना बघून घरात घ्या.

कायद्याची काही अडचण?

घरात ठेवायला नाही. फक्त १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या वस्तूंवर बंधनं आहेत आणि त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळं परदेशातला गिऱ्हाईक आला म्हणून जुनी पाटी पाठवून देऊ नका. रेल्वे, नगरपालिका, लष्कराच्या आवारातली कुठलीच वस्तू उचलायची नाही, ती पडून सडालीय असं दिसलं तरी नाही. रीतसर अर्ज करा नाहीतर लिलावाची वाट बघा.

किंमत किती असते?

ठरलेला भाव नाही. टवके मध्यावर आहेत की कडेला, अक्षर शाबूत आहे का, बंद पडलेला ब्रँड आहे का, चित्र आहे की नुसती अक्षरं, यावर सगळं. बाटलीचं नाहीतर बाईचं चित्र असलेली पाटी नेहमी महाग जाते. लोकल सोडा फॅक्टरीची पाटी मुंबईचा व्यापारी फुकट दिली तरी घेणार नाही, आणि माझ्यासाठी ती सगळ्यात वरची.

नवीन माणसानं सुरुवात कशी करावी?

शंभर पानी वही आणि पेन घेऊन. पाटी नंतर.

पाटी भिंतीवरून काढायच्या आधी ती जिथं आहे तिथं तिचा फोटो काढा, लांबून एक, जवळून एक. मग वहीत लिहा: गाव, गल्ली, कुठल्या बाजूच्या भिंतीवर, दुकान कशाचं, मालक सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, कोणी बसवली, कधी बंद झालं. हे सगळं घरी जाऊन लिहिलं तर निम्मं विसरतंय, तिथंच कट्ट्यावर बसून लिहायचं. पाटी एकदा गाडीवर चढली की ती नुसता पत्रा होते, कुणाच्यापण हॉलमध्ये लागते, आणि पुढच्याला ती बेळगावची की आग्र्याची ते कळायला मार्ग राहत नाही. मी सुरुवातीच्या अकरा पाट्यांचं काही लिहिलं नव्हतं. त्या चांगल्या आहेत, चकचकीत आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला दोन वाक्यंसुद्धा बोलता येत नाहीत.

तुमच्याकडची कुठली पाटी कधीच देणार नाही?

वहीतलं पानच उतरवतो.

"खानापूर तालुका, मे महिना. घराच्या मागं बंबाला आडोसा म्हणून उभी केलेली. अक्षरं बंबाच्या बाजूला, काजळीनं पूर्ण काळी. कोमट पाण्यानं धुतली तेव्हा आधी लाल आलं, मग 'थंडगार', मग 'सोडा व लेमन', खाली किंमत २ आणे. फॅक्टरीचं नाव उजव्या कोपऱ्यात होतं, तो कोपराच नाही. आजी म्हणाल्या, आमचे मालक यात्रेत गाडी लावायचे, पाटी गाडीच्या मागं बांधायचे, पोरं लांबनं वाचत यायची. फॅक्टरीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, नाव कशाला लागतंय, सगळे आमचाच सोडा म्हणायचे. पैसे घेतले नाहीत. बदली पत्रा ४ बाय ३ चा नेऊन बसवला, बंब पेटवून बघितला, वारा लागत नाही."